वांटणी आणि जुळणी : दुनहुआंगच्या पोथ्यांची कथा

चीनच्या वायव्य भागांत, कान्सू प्रांतांत, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नांवाचें एक जुनें ठाणें आहे. चीनमधून पश्चिमेकडे निघालेला रेशमाचा व्यापारी मार्ग ह्या ठिकाणीं आला म्हणजे पुढें त्याला फांटे फुटत. एक तकलामकान वाळवंटाच्या उत्तरेनें जाई, दुसरा दक्षिणेनें. ह्या ठाण्यापासून कांहीं मैलांवर एका उभ्या कड्यांत बौद्ध भिक्षूंनीं व उपासकांनीं इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून सुमारें एक हजार वर्षें लेणीं कोरविलीं. डोंगर कोरून विहार व चैत्य करण्याची परंपरा भारतांतूनच तिकडे गेली. त्यामुळें अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला मोगाओचीं हीं लेणीं अगदींच परकीं वाटूं नयेत. भित्तिचित्रांनीं व मूर्तींनीं सजविलेलीं ४९२ लेणीं तेथें मोजलेलीं आहेत. परंतु येथें विचार करावयाचा आहे तो तेथील चित्रकलेचा नव्हे. त्यांपैकीं एका लहानशा कोठडींत सांपडलेल्या ग्रंथसंग्रहाची वांटणी कशी झाली, आणि त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं निरनिराळ्या देशांतील संस्थांनीं देणगीच्या पैशावर त्याची जुळणी कशी आरंभिली, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

१९०० सालीं वांग युआनलू नांवाचा एक ताओपंथी साधु त्या लेण्यांची राखण व डागडुजी करीत होता. एका लेण्यांतील वाळू उपसली असतां त्याला भिंतीमागें एक बंद कोठडी आढळली. आज तिला सतरा क्रमांकाचें लेणें म्हणतात. अकराव्या शतकाच्या आरंभीं केव्हां तरी ती चिणून टाकलेली असावी. कारण तींतील लेखांवर घातलेला शेवटचा काल इ. स. १००२ च्या सुमाराचा आहे. ती कां बंद केली, ह्याविषयीं विद्वानांत आजहि एकमत नाहीं. आंत गुंडाळ्यांचे ढीगच्या ढीग रचलेले होते. चिनी व तिबेटी ग्रंथांचा भरणा सर्वांत अधिक. पण त्यांच्याबरोबर संस्कृत, खोतानी, सोग्दी व उइघुर भाषांतील लेखहि होते. बौद्ध सूत्रें तर होतींच. शिवाय करारनामे, कर्जरोखे, पंचांगें, औषधांचे पाठ, पत्रांचे मसुदे आणि विद्यार्थ्यांनीं गिरवलेलीं अक्षरेंहि होतीं. त्यांतच वज्रच्छेदिका सूत्राची एक छापील गुंडाळी निघाली. तिच्यावरील काल आजच्या गणनेनें ११ मे ८६८ असा येतो. काल नमूद केलेलें इतकें जुनें दुसरें संपूर्ण छापील पुस्तक जगांत उपलब्ध नाहीं. वाळवंटाच्या कोरड्या हवेनें हें सारें नऊशें वर्षें सांभाळलें. लहानमोठे तुकडे धरून ह्या संग्रहाची संख्या चाळीस हजारांच्या वर जाते.

हवेनें जें सांभाळलें तें माणसांनीं लवकरच विभागून घेतलें. १९०७ सालीं ऑरेल स्टाईन तेथें पोहोंचले. हे जन्मानें हंगेरीचे, पण भारत सरकारच्या नोकरींत होते. त्यांच्या ह्या मोहिमेच्या खर्चापैकीं तीन पंचमांश भारत सरकारनें द्यावे आणि दोन पंचमांश ब्रिटिश म्युझियमनें द्यावे, व मिळालेल्या वस्तूहि त्याच प्रमाणांत वांटून घ्याव्या, असें आधींच ठरलें होतें. वांग साधूला लेण्यांच्या जीर्णोद्धाराकरितां द्रव्य हवें होतें. स्टाईन ह्यांनीं सुमारें १३० पौंड किमतीचें रुपें देऊन पोथ्यांच्या २४ पेट्या व चित्रें आणि वस्त्रें ह्यांच्या ५ पेट्या उंटांवर लादून नेल्या. पुढें ठरल्याप्रमाणें वांटणी झाली. चिनी पोथ्या ब्रिटिश म्युझियमकडे आल्या. तिबेटी पोथ्या लंडनमधील इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाकडे गेल्या. आणि रेशमावरील चित्रांचा एक मोठा भाग भारताच्या वांट्यास आला, तो आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. ह्या वांटणींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्तू कोणत्या कोठें जाव्यात हें त्यांच्या परस्परसंबंधावरून ठरलें नाहीं. पैसा कोणाचा किती, ह्यावरून ठरलें.

१९०८ सालीं फ्रान्सचे पॉल पेलिओ आले. त्यांना चिनी भाषा उत्तम अवगत होती. मेणबत्तीच्या उजेडांत तीन आठवडे त्या कोठडींत बसून त्यांनीं पोथ्या चाळल्या, निवडल्या आणि ५०० तैल रुपें देऊन पॅरिसला नेल्या. पुढच्या वर्षीं त्यांपैकीं कांहीं पोथ्या त्यांनीं बीजिंगमधील विद्वानांना दाखविल्या. तेव्हां काय गेलें ह्याची जाणीव होऊन १९१० सालीं चीन सरकारनें उरलेला संग्रह राजधानींत आणविला. वाटेंतहि त्याला गळती लागलीच. त्यानंतर जपानी मोहिमेनें व १९१४–१५ सालीं रशियाच्या ओल्डेनबुर्ग ह्यांनीं आणखी भाग नेला. बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आज सोळा हजारांहून अधिक नग आहेत. तेथील संग्रहाची सूचि चन् युआन ह्या पंडितांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या चिनी नांवाचा अर्थ ‘दुनहुआंगच्या लुटींतून उरलेल्याची नोंद’ असा होतो. सूचीसारख्या रूक्ष ग्रंथाला असें नांव द्यावेंसें वाटलें, ह्यावरून त्या विद्वानांच्या मनांतील शल्याची कल्पना येईल.

संग्रह विखुरला म्हणजे अभ्यासकाची नेमकी अडचण काय होते, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. तिबेटच्या प्राचीन राज्याचा एक वर्षवार वृत्तान्त ह्या कोठडींत सांपडला. अमुक वर्षीं राजाचा मुक्काम कोठें होता, राजपरिषद कोठें भरली, स्वारी कोणावर गेली, अशा नोंदी त्यांत एकापुढें एक आहेत. सातव्या व आठव्या शतकांतील तिबेटच्या इतिहासाला ह्याहून मोलाचें साधन नाहीं. ही मूळची एकच गुंडाळी. पण तिचा आधींचा भाग पॅरिसला आणि नंतरचा भाग लंडनला आहे. पॅरिसमध्यें तिला ‘पेलिओ तिबेटी १२८८’ म्हणतात, तर लंडनमध्यें तिचा क्रमांक तिबेटी संग्रहांतील ७५० हा आहे. एका राज्याची बखर मध्येंच फाटून तिचीं दोन पानें दोन कुटुंबांच्या पेटींत पडावीं, आणि दोन्हीं घरांनीं तिला वेगवेगळीं नांवें द्यावीं, तसा हा प्रकार आहे.

नांवांचा हा घोळ सर्वत्रच झाला. पेलिओ ह्यांनीं आपल्या चिनी पोथ्यांचे क्रमांक २००१ पासून सुरू केले, कारण पहिले दोन हजार आंकडे त्यांनीं तिबेटी पोथ्यांसाठीं राखून ठेविले होते. लंडनमध्यें स्टाईन ह्यांचे क्रमांक असतांना लायोनेल जाइल्स ह्यांनीं १९५७ सालच्या आपल्या सूचींत विषयवार मांडणी करून प्रत्येक पोथीला दुसरा एक क्रमांक दिला. बीजिंगनें तर आंकड्यांऐवजीं मुलांना पाठ करावयास लावीत त्या ‘सहस्राक्षरी’ नांवाच्या जुन्या चिनी पुस्तकांतील अक्षरांचा क्रमांकासारखा उपयोग केला. पीटर्सबर्गची पद्धति आणखी निराळी. एकाच कोठडींतून निघालेल्या पोथ्या, पण प्रत्येक ठिकाणीं त्यांची हजेरी घेण्याची रीत वेगळी!

१९५० नंतरच्या दशकांत लंडनमधील चिनी पोथ्यांचीं सूक्ष्म छायाचित्रें घेऊन तीं इतर देशांतील अभ्यासकांना उपलब्ध करण्यांत आलीं. त्यानें मोठा फायदा झाला. पण काळ्या-पांढऱ्या चित्रांत तांबड्या शाईनें केलेली दुरुस्ती ओळखूं येत नाहीं, कागदाचा रंग कळत नाहीं, आणि पुसट अक्षर व डाग ह्यांतील भेद समजत नाहीं. शेवटीं १९९३ सालीं ह्या संग्रहांच्या जतनाची जबाबदारी असलेले निरनिराळ्या देशांतील लोक इंग्लंडमध्यें एकत्र जमले, आणि त्यांच्या विचारविनिमयांतून १९९४ सालीं ‘आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्प’ निघाला. त्याची कचेरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत ठेवण्यांत आली. एव्हांना ब्रिटिश म्युझियमच्या पोथ्या व इंडिया ऑफिसचें ग्रंथालय हीं दोन्हीं ह्याच संस्थेकडे आलेलीं होतीं. आरंभीच्या कामाला तैवानमधील च्यांग चिंग-कुओ प्रतिष्ठानच्या अनुदानाचें साह्य झालें, पुढें अमेरिकेंतील मेलन प्रतिष्ठाननेंहि मदत केली, आणि सुसान व्हिटफील्ड ह्या विदुषींनीं दोन तपांच्या जवळपास त्याची धुरा वाहिली. १९९८ सालीं ह्या प्रकल्पाचें भांडार संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुलें झालें. २००१ सालीं बीजिंग, २००४ सालीं पीटर्सबर्ग व क्योतो, २००५ सालीं बर्लिन, २००७ सालीं स्वतः दुनहुआंग, २००८ सालीं पॅरिस आणि २०१० सालीं सोल अशीं त्याचीं केंद्रें क्रमाक्रमानें उभीं राहिलीं.

ह्या कामाला मराठींत अंकीकरण म्हणतात. पोथीचें उत्तम रंगीत छायाचित्र घेऊन तें आंकड्यांच्या रूपानें संगणकांत साठवावयाचें, म्हणजे त्याची कितीहि वेळां नक्कल केली तरी ती मुळासारखीच राहते व एकाच वेळीं दहा शहरांत पाहतां येते. हें ऐकल्यावर कोणालाहि असें वाटेल, कीं चांगला कॅमेरा आणि पुरेसा पैसा मिळाला म्हणजे झालें. वस्तुतः कॅमेरा हा त्यांतला सर्वांत सोपा भाग होय. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या कायद्यांखालीं चालणाऱ्या आणि एकमेकींविषयीं जुने आकस बाळगणाऱ्या संस्थांनीं दुसऱ्याच्या पैशावर एक काम करावयाचें, ह्यांत खरी परीक्षा असते ती कराराची. असा करार कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें देतो, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिला प्रश्न मालकीचा. दुनहुआंग प्रकल्पांत एकाहि संस्थेला आपली पोथी दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागली नाहीं. मूळ वस्तु ज्याची त्याच्याकडे, चित्रावरील हक्कहि त्याचाच. सामाईक आहे तें फक्त दाखविण्याचें दालन. १९०६ च्या सुमारास झालेल्या कराराशीं ह्याची तुलना करण्यासारखी आहे. त्या करारांत ज्याचा पैसा जितका तितका त्याचा वांटा होता. नव्या करारांत पैसा देणाराला वांटा नाहींच. तैवानच्या प्रतिष्ठाननें पैसा दिला म्हणून एकहि पोथी अथवा तिचें चित्र त्याच्या मालकीचें झालें नाहीं. देणगी ही भागीदारी नव्हे, हें तत्त्व दोन्हीं बाजूंनीं कागदावर लिहून मान्य केलें, तरच अशा कामांत अनेक संस्था निर्धास्तपणें उतरतात.

असाच दंडक ब्रिटिश लायब्ररीच्याच दुसऱ्या एका उपक्रमांतहि दिसतो. जगांतील नष्ट होऊं घातलेल्या दफ्तरांसाठीं २००४ सालीं आर्केडिया निधीच्या साह्यानें तिनें एक अनुदान-योजना सुरू केली. तिचा नियम असा, कीं मूळ कागदपत्रें त्या त्या देशाबाहेर जावयाचीं नाहींत. चित्रांची एक प्रत स्थानिक संस्थेकडे राहावयाची व दुसरी लंडनला यावयाची. शंभर वर्षांपूर्वीं पेट्या भरून उंटांवर लादल्या जात. आतां नुसती नक्कल प्रवास करते. हा बदल यंत्रामुळें शक्य झाला हें खरें, पण तो घडला नियमामुळें.

दुसरा प्रश्न वर्णनाचा. चित्र काढलें, पण तें कशाचें हें लिहिलें नाहीं, तर लाखों चित्रांच्या ढिगांत तें हरवल्यासारखेंच होय. म्हणून प्रत्येक पोथीबरोबर तिचा क्रमांक, लिपि, भाषा, लांबी-रुंदी, कागद, विषय, सांपडल्याचें ठिकाण व पूर्वीच्या सूचींतील उल्लेख हीं नोंदवावीं लागतात. हे रकाने सर्व संस्थांत एकसारखे असले पाहिजेत. मात्र येथें एक मोह आवरावा लागतो. जुने सगळे क्रमांक मोडून नवा एकच क्रमांक द्यावा, अशी सूचना वरवर सोयीची दिसते. परंतु शंभर वर्षांतील निबंध, सूचि व टीपा जुन्या क्रमांकांनींच लिहिलेल्या आहेत. ते मोडले तर ती सर्व विद्या बिनवारशी होईल. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा, कीं प्रत्येक घराचें नांव तसेंच ठेवावें आणि त्यांच्यामध्यें जुळणीची यादी करावी. जें नक्की ठाऊक नाहीं तो रकाना मोकळा सोडावा. तर्कानें भरूं नये. मोकळा रकाना पुढील अभ्यासक भरूं शकतो. चुकीनें भरलेला रकाना मात्र कोणी तपासण्याच्या भानगडींत पडत नाहीं.

तिसरा प्रश्न कामाच्या क्रमाचा व वेळेच्या अंदाजाचा. हजार वर्षांची गुंडाळी कपाटांतून काढली आणि कॅमेऱ्याखालीं पसरली, असें होत नाहीं. ती आधीं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाते. कोठें घडी चिकटलेली असते, कोठें पूर्वीच्या कोणी मागें जाड कागद डकवून ठेवलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय पोथी सपाट होत नाहीं. लांब गुंडाळीचीं तुकड्यातुकड्यानें, एकमेकांवर थोडीं चढतील अशीं चित्रें घ्यावीं लागतात. शेजारीं मोजपट्टी व रंगांची पट्टी ठेवावी लागते, म्हणजे वर्षानुवर्षांनीं पाहणाराला मूळ रंग व आकार ह्यांची खात्री पटते. पोथीची पाठहि वगळून चालत नाहीं. त्या काळीं कागद महाग असल्यानें चिनी सूत्राच्या पाठीवर पुढें कोणी तिबेटी अथवा खोतानी मजकूर लिहिलेला आढळतो, आणि पुष्कळदां अभ्यासकाला हवें असतें तें पाठीवरच असतें.

अशा स्थितींत अंदाज चुकणें सोपें असतें. अनुदानाचा अर्ज करतांना कोणी कॅमेऱ्याचा वेग धरून हिशेब करतो, आणि पुढें काम अडतें तें दुरुस्तीच्या टेबलावर. ह्यावरील उपाय जुनाच आहे: भात शिजला कीं नाहीं हें शितावरून पाहावें. संग्रहाच्या निरनिराळ्या भागांतून थोड्या पोथ्या घेऊन त्यांवर आरंभापासून अखेरपर्यंत सर्व संस्कार करावेत, लागलेला वेळ लिहून ठेवावा, व मगच मोठा आंकडा सांगावा. वर उल्लेखिलेल्या अनुदान-योजनेंत तर अशा चांचणीसाठीं लहान अनुदानाचा वेगळा प्रकारच ठेवलेला आहे.

ह्याच प्रश्नाला चिकटून मोजमापाचा प्रश्न येतो. ‘पोथी’ म्हणजे काय? लंडनमधील वज्रच्छेदिका सूत्र पांच मीटर लांबीचें आहे, आणि तो एक नग. पीटर्सबर्गच्या संग्रहांत तळहाताएवढा तुकडाहि एक नग. एका संस्थेनें वर्षांत हजार नग केले व दुसरीनें शंभर, एवढ्यावरून पहिली उद्योगी व दुसरी आळशी असा निकाल दिला तर दुसरीवर अन्याय होईल, आणि पुढच्या वर्षीं प्रत्येक संस्था लहान तुकडेच आधीं उचलूं लागेल. म्हणून नग किती, चित्रें किती व दुरुस्तीचे दिवस किती, असे तिन्हीं आंकडे अहवालांत शेजारीं शेजारीं मांडावे लागतात.

चौथा प्रश्न प्रत्यक्ष पैशाचा. अनुदान हें मोकळें धन नसून हेतु नेमून दिलेलें धन असतें. ब्रिटिश लायब्ररींतील चिनी सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या सुमारें ८०० प्रतींचें जतन व अंकीकरण हॉंगकॉंगच्या बै शान थांग प्रतिष्ठाननें दिलेल्या अनुदानावर हातीं घेण्यांत आलें. काम फार मोलाचें. पण तो पैसा त्याच सूत्रासाठीं होता. शेजारच्या कप्प्यांतील कर्जरोख्याची पाळी त्यानें लागत नाहीं. प्रसिद्ध सूत्राला दाता मिळतो. शेतकऱ्याच्या धान्यकर्जाच्या कागदाला मिळत नाहीं. आणि इतिहासकाराला कित्येकदां तोच कागद अधिक बोलका वाटतो. दात्यांच्या आवडीप्रमाणें काम सरकत गेलें तर संग्रहाचें चित्र एकांगी होतें. म्हणून प्रकल्पाच्या चालकांनीं एक मोठा आराखडा स्वतःचा तयार ठेवावा, आणि येणारें प्रत्येक अनुदान त्यांतील एखाद्या रिकाम्या चौकटींत बसवावें. चौकटी अनुदानाप्रमाणें आंखूं नयेत. मोठ्या देणग्यांच्या जोडीला ह्या प्रकल्पानें सामान्य लोकांनाहि आवाहन केलें होतें, कीं एखाद्या सूत्राच्या अंकीकरणाचा खर्च उचलावा. देवळाच्या पायरीवर नांव घालून दगड बसविणाऱ्या आपल्याकडील भाविकाला ही कल्पना सहज समजेल. खुद्द ह्या पोथ्यांतील कित्येक सूत्रेंहि अशींच कोणा गृहस्थानें आईबापांच्या पुण्यार्थ पैसे देऊन लिहवून घेतलेलीं आहेत.

पैसा आला म्हणजे हिशेब आला. दाता बहुधा एकाच संस्थेच्या हातीं रक्कम देतो व तिलाच जबाबदार धरतो. ती संस्था पुढें इतरांना त्यांचा भाग देते. येथें वाद होतात ते मोठ्या रकमांवरून नव्हे, तर आधीं न बोललेल्या लहान गोष्टींवरून. विजेचें बिल कोणीं द्यावें? ग्रंथपालाचा अर्धा वेळ ह्या कामांत जातो, तो संस्थेची मदत म्हणून धरावा कीं त्याचा मोबदला द्यावा? चलनाचा भाव उतरला तर तूट कोणाची? एका केंद्राला उशीर झाल्यास इतरांचा हप्ता थांबावा काय? काम सुरू होण्यापूर्वीं हे प्रश्न विचारणें रुक्षपणाचें वाटतें. पण लग्नाच्या याद्या ज्या घरांत स्पष्ट होतात तेथेंच मांडवांत रुसवेफुगवे कमी होतात, हा संसारांतला अनुभव येथेंहि खरा ठरतो.

पांचवा प्रश्न माणसांचा. अनुदान दोन किंवा तीन वर्षांचें. त्यावर नेमलेले छायाचित्रकार व सूचिकार तेवढ्याच मुदतीचे. हात बसूं लागतो त्या सुमारास मुदत संपते आणि शिकलेला माणूस दुसरीकडे जातो. म्हणून रोजच्या कामांत घेतलेले निर्णय, जसे अमुक अक्षर असें कां लिहिलें, अमुक पोथी मागें कां ठेविली, हे एका वहींत नोंदवून ठेवणें हा शिष्टाचार नसून गरज आहे. तसेंच प्रत्येक भागीदार संस्थेंत तिचा स्वतःचा कायमचा निदान एक सेवक ह्या कामांत गुंतलेला असावा. केंद्रें बीजिंगला, दुनहुआंगला व पीटर्सबर्गला उभीं राहिलीं, आपापल्या भाषांत तेथील लोकांनीं तीं चालविलीं, ह्यांतच ह्या प्रकल्पाच्या दीर्घायुष्याचें एक कारण आहे. लंडनहून माणसें जाऊन चित्रें काढून परत आलीं असतीं, तर तो स्टाईन ह्यांच्या मोहिमेचाच सौम्य अवतार झाला असता.

सहावा व शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे: अनुदान संपल्यावर काय? कागद कोरड्या अंधारांत ठेवला तर नऊशें वर्षें टिकतो, हें सतराव्या लेण्यानें दाखवून दिलें. अंकांत साठविलेल्या चित्राचें तसें नाहीं. ज्या तबकडीवर तें असतें ती कांहीं वर्षांत बिघडते. ज्या यंत्रानें तें वाचावयाचें तें जुनें होतें. म्हणून त्याची नक्कल नव्या साधनावर सतत करीत राहावी लागते आणि ती मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं हें तपासावें लागतें. पोथी स्वस्थ पडून राहिली तरी जगते. चित्राला मात्र रोज दाणापाणी लागतें. अनुदान देणारास इमारत बांधून देणें आवडतें, झाडलोटीचा खर्च कोणाला आवडत नाहीं. आणि अंकीकरणांत झाडलोट हीच इमारत असते.

ह्या धोक्याचें प्रत्यंतर २०२३ सालीं आलें. त्या वर्षींच्या ऑक्टोबर महिन्यांत खंडणीखोर संगणकचोरांनीं ब्रिटिश लायब्ररीच्या यंत्रणेवर हल्ला चढविला. तिची सूचि कित्येक आठवडे बंद पडली, आणि अंकीकृत हस्तलिखितें तर त्याहूनहि दीर्घकाळ वाचकांना दिसेनाशीं झालीं. मूळ पोथ्या कपाटांत सुरक्षित होत्या. नाहींशी झाली होती ती त्यांच्याकडे जाणारी वाट. एका संस्थेवर सर्व भार टाकला तर काय होतें, हें ह्यावरून दिसून आलें. आणि अनेक भागीदार असण्याचा एक वेगळाच लाभहि पुढें आला. ज्याची प्रत दोन-तीन शहरांत, निराळ्या हातांत आहे, तें एका दरोड्यानें नष्ट होत नाहीं. भागीदारी ही केवळ खर्च वांटून घेण्याची सोय नव्हे. ती विम्यासारखी आहे. पुढील वर्षीं, म्हणजे २०२४ सालीं, ह्या उपक्रमाचें नवें दालन खुलें झालें आणि ‘प्रकल्प’ हें नांव जाऊन तो ‘आंतरराष्ट्रीय दुनहुआंग कार्यक्रम’ ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला. हा फेर लहान दिसतो, पण अर्थपूर्ण आहे. प्रकल्पाला शेवट असतो. जतनाच्या कामाला तो नसतो.

इतकें झाल्यावरहि एक प्रश्न उरतोच. चित्रें एकत्र आलीं म्हणून पोथ्या परत आल्या काय? अर्थात् नाहीं. ‘लुटींतून उरलेल्याची नोंद’ हें नांव ज्यांनीं दिलें त्यांच्या दुःखाचें निवारण रंगीत छायाचित्रानें होणार नाहीं, आणि मूळ वस्तु कोणाकडे असावी हा वाद राष्ट्राराष्ट्रांत पुढेंहि चालूं राहील. ह्या उपक्रमानें त्या वादाचा निकाल लावण्याचा पत्कर घेतला नाहीं, आणि बहुधा त्यामुळेंच तो टिकला. भाऊबंदांनीं वांटणीचा दावा कोर्टांत चालूं ठेवावा, पण कुळाचा इतिहास लिहिण्यापुरते आपापल्या पेटींतले कागद एका बैठकीवर मांडावे, असा हा मध्यममार्ग आहे. खुद्द दुनहुआंगच्या संशोधन-संस्थेनेंहि २०१६ सालीं ३० लेण्यांचीं सूक्ष्म चित्रें जगापुढें खुलीं केलीं; म्हणजे जिच्या घरांतून वस्तु गेल्या तीहि नुसती याचक राहिली नाहीं, आपल्या बाजूनें देणारी झाली.

आज तिबेटच्या त्या प्राचीन वृत्तान्ताचा आधींचा भाग व नंतरचा भाग ह्यांचीं चित्रें अभ्यासकाला एकाच टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवून वाचतां येतात. पॅरिसचें पान जेथें संपतें तेथून लंडनचें पान सुरू होतें. त्या दोन पानांतील अंतर एका कॅमेऱ्यानें किंवा एका देणगीनें तुटलें नाहीं. क्रमांक जुळविणारे सूचिकार, पाठीवरचा जुना कागद सोडविणारे तज्ज्ञ, हिशेब वेळच्या वेळीं देणारे कारकून, आणि आपलें तें आपल्याजवळ ठेवूनहि दुसऱ्याला दाखविण्यास राजी झालेल्या संस्था, ह्या सर्वांनीं तें थोडें थोडें करून भरून काढलें आहे. वांटणी करावयास एक मोहीम पुरली. जुळणीचें काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालविण्याचें आहे.